मोरितांचं मत आणि माझी पळवाट

ॲरिझोनातलं आमचं चँडलर सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. शेजारी ऑफिसातले सहकारी मोरिता, मांडीवर जेवणाचा डबा, खिशात जपानचं मतदार कार्ड. जपानात निवडणूक लागली होती, आणि इकडच्या जपान्यांना मत द्यायला वकिलातीत जावं लागतं. आमच्या भागासाठी ती लॉस एंजेलिसला. त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी नेतो म्हणालो. हा माझा मोठेपणा, असं ते समजले. मीही समजू दिलं.

गाव मागे पडलं आणि सगुआरो (हात वर केलेल्या माणसांसारखे उंच निवडुंग) सुरू झाले. मोरितांची कुरकुरही सुरू झाली. सत्ताधाऱ्यांना लोक कंटाळलेत, पण समोर आहे कोण? विरोधी पक्ष फुटतात, जुळतात, नवी पाटी लावतात, आणि पाटीखाली चेहरे तेच. एखादा नवा बोलायला लागला की त्याचेच लोक त्याला खाली बसवतात. त्यात तिकडे मतपत्रिकेवर नाव स्वतःच्या हातानं लिहायचं असतं.

"एवढं वाळवंट ओलांडून मी पेन्सिल हातात घेणार," ते म्हणाले, "आणि लिहू काय?"

कॅलिफोर्नियाची हद्द लागली तोच गाडीच्या स्पीकरवर कुलकर्णी काकूंचा फोन आला. आमच्या मराठी मंडळातल्या त्या सगळ्यात ज्येष्ठ.

"गिरीश, आज संध्याकाळी नॉमिनेशन क्लोज होतंय. तुझा नुसता होकार दे, नाहीतर अध्यक्ष पुन्हा अनकंटेस्टेड."

"काकू, ड्राइव्ह करतोय. नंतर बोलतो."

त्यातले इंग्रजी शब्द मोरितांना पुरले. "जोशी-सान (सान म्हणजे आपलं 'राव'), तुमच्याकडेही निवडणूक?"

सांगावं लागलं. वर्षानुवर्षं एकच अध्यक्ष. भाषण एवढं लांब की पोरं पार्किंगमध्ये जाऊन बसतात. प्रत्येक पॉटलकला (ज्याला प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा, ते जेवण) मी यावर तावातावानं बोलतो.

"मग पर्याय कोण?"

मी आरशात बघून लेन बदलली.

वाटेत इंडिओ गावात खजुराचा मिल्कशेक घेतला. त्यांच्या ओनिगिरी (शेवाळात गुंडाळलेले भाताचे मुटके) आणि माझ्या दशम्या वाटून खाल्ल्या. पुन्हा निघाल्यावर मीच जपानच्या विरोधकांवर घसरलो. हिंमत नाही, तर राजकारणात येतात कशाला? बोलण्याच्या भरात फाटा चुकलो, आणि लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो.

मोरिता वकिलातीत गेले. मी बाहेर बाकावर बसून 'माझं नाव द्या' असं काकूंना टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. अमेरिकेत उतरलो तेव्हा एअरपोर्टवर मला घ्यायला हेच अध्यक्ष आले होते, त्यांच्याच घरी महिनाभर वरणभात खाल्ला. त्यांच्याविरुद्ध कसं उभं राहायचं? कारण छानच होतं. खरं कारण एवढंच, की चारचौघांत हरायची भीती वाटत होती.

मोरिता आले. मतपत्रिका कोरी टाकली का, मी विचारलं.

"नाही. चिडून का होईना, एक नाव लिहिलं. कोरी टाकली तर मोजणाऱ्याला कसं कळणार, मी रागावलोय की झोपलोय?"

रात्री तिकडेच मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. मंडळाच्या ग्रुपवर 'बिनविरोध निवड' आणि त्याखाली पुष्पगुच्छांची रांग. माझाही अंगठा तिकडे जात होता. तो आवरला आणि काकूंना फोन लावला. म्हटलं, वकिलातीत मतदान बरेच दिवस चालतं, मोरितांना मी दुसऱ्या कुठल्याही दिवशी नेऊ शकलो असतो. कालचा दिवस मुद्दाम निवडला.

काकू जराही रागावल्या नाहीत.

"माहीत होतं रे. आता पुढच्या निवडणुकीला कुठे जाणार आहेस, तेवढं आत्ताच सांगून ठेव."