चोवीस अक्षरांचे नाव

ती केस आठवली की आजही माझे डोके तापते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण तो राग काही निवृत्त झालेला नाही.

मी तेव्हा पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीतल्या एका खाजगी रुग्णालयात पोटाच्या साध्या ऑपरेशनसाठी लोणी काळभोरच्या एक बाई दाखल झाल्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या या बाईंना तेच इंजेक्शन दिले गेले आणि त्या वारल्या. दाखल करून घेणाऱ्या नर्सने ॲलर्जीची नोंद संगणकात करायची, त्यावरून वॉर्डात रुग्णाच्या मनगटाची पट्टी छापली जायची आणि ॲलर्जी असेल तर पट्टीवर लाल खूण यायची, अशी तिथली पद्धत होती. बाईंच्या पट्टीवर लाल खूण नव्हती.

नवरा ठाण्यात आला तेव्हा त्याच्या हातात ती पट्टी होती. "म्या स्वतः सांगितलं हाय सिस्टरला," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

नर्स विदर्भातून आलेली, वय सव्वीस-सत्तावीस. ॲलर्जीपुढे 'होय' भरले, हे ती शपथेवर सांगत होती. संगणकातली नोंद मात्र 'नाही' दाखवत होती. ही यंत्रणा बनवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅनेजरने लेखी दिले की यंत्रणेत दोष नाही, माहिती भरणाऱ्याची चूक आहे. मी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवून तिला अटक केली. जामीन झाला, पण रुग्णालयाने तिला कामावरून काढले आणि घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली.

पंधरा दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एका मुलीने मला बोलावून घेतले. आपण त्या कंपनीत होतो, आता सोडली आहे, एवढे सांगून ती म्हणाली, "सर, त्या बाईंच्या पूर्ण नावाची इंग्रजी अक्षरं मोजा. मधल्या जागांसकट." आणि फोन ठेवला.

स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. मी पेन्सिलने मोजली. चोवीस भरली. त्याचा अर्थ मला काही कळेना.

कोथरूडला 'सी' या संगणकाच्या भाषेचे क्लास घेणारे एक वृद्ध सर होते. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाटीवर चौकोन काढले.

"संगणकात प्रत्येक अक्षराला एक घर लागतं," ते म्हणाले. "आणि नाव संपलं हे कळावं म्हणून शेवटी एक शून्य लिहावं लागतं. म्हणजे चोवीस अक्षरांना घरं पंचवीस. तुमच्या या हुशार मंडळींनी चोवीसच बांधलेली दिसतात."

"मग ते शून्य कुठं जातं?"

"शेजारच्या घरात. सी भाषेत नाव एका जागेवरून दुसरीकडे उतरवायची जी आज्ञा आहे, ती पुढं जागा आहे का, हे विचारत नाही. उतरवत सुटते. शेजारी जे असेल ते पुसलं जातं."

शेजारच्या घरात ॲलर्जीची खूण असेल तर काय होईल, असे मी विचारले. त्यांनी शेवटच्या चौकोनातला एक पुसून तिथे शून्य लिहिले. मग म्हणाले, "एक म्हणजे होय, शून्य म्हणजे नाही. नाव आणखी लांब असेल तर तिथं अक्षर पडतं, शून्य नाही, म्हणून खूण येते. अहो, हे मी पहिल्या महिन्यात शिकवतो. चुकलं तर अर्धा गुण कापतो."

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि सरांना घेऊन रुग्णालयात गेलो. तेवीस अक्षरांचे बनावट नाव भरले, ॲलर्जी 'होय' केली. पट्टीवर लाल खूण आली. मग एक अक्षर वाढवले, बाकी सगळे तेच ठेवले. पट्टी लाल खुणेविना निघाली. दोन्ही पंचांनी पंचनाम्यावर सह्या केल्या.

कंपनीचे संगणक जप्त केले. त्यात फोन करणाऱ्या त्या मुलीनेच मॅनेजरला पाठवलेला मेल सापडला. बाई वारण्याच्या तीन महिने आधी तिने हा दोष नेमका पकडून कळवला होता. मॅनेजरने उत्तर दिले होते, 'बरोबर चोवीस अक्षरांचे नाव क्वचितच येते. पुढच्या आवृत्तीत पाहू.'

तो मॅनेजर माझ्यासमोर पायावर पाय टाकून बसला होता. हे तांत्रिक आहे, तुम्हाला कळणार नाही, असे त्याने सुरुवातीलाच ऐकवले. मी मेलची प्रत पुढे सरकवली.

"क्वचित म्हणजे किती बायका?" मी विचारले.

त्याने पाय खाली घेतला. दोष माहीत असताना त्याने लेखी खोटे दिले होते. त्याच्यावर आरोपपत्र दाखल केले. मी निवृत्त झालो तेव्हा खटला चालूच होता आणि तो दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर होता.

नर्सचे नाव गुन्ह्यातून वगळल्याचे सांगायला मी स्वतः गेलो. ती मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती. तिने आभार मानले नाहीत. शांतपणे विचारले, "सर, मला अटक करण्याआधी तुम्ही ते मशीन एकदा तरी तपासलं होतं का?"

नव्हते तपासले. माणसाच्या जबाबावर शंका घ्यायची, हे नोकरीत पहिल्या दिवसापासून शिकलो होतो. पण संगणकातून छापून आलेला कागदही कुणीतरी दिलेला जबाबच असतो, त्याचीही उलटतपासणी घ्यावी लागते, हे मला तिच्याकडून शिकावे लागले. त्या मॅनेजरचा राग येतो तेव्हा तिचा प्रश्नही आठवतो, आणि त्या रागातला निम्मा वाटा माझ्या पदरात पडतो.