हात मागं बांधणारी शैलाताई

शैलाताई कामाच्या जागी आली की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. मला वाटलं, संस्थेची बाई, हात मळायचं भ्या वाटत असेल. मी चौथीपस्तोर शिकलेला, पण माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही. तरी इथं चुकलो. आयुष्यात एकदाच.

पहिल्या दिवशी सगळी वस्ती समाजमंदिरात जमली. कुणी बादलीच्या आशेनं आलं, कुणी चादरीच्या.

"काय वाटणार, ताई?"

"काहीच नाही. तुमच्याकडं काय हाय ते बघायला आले. मी तीन वर्सांची पाहुणी."

अर्धे लोक तिथंच उठले. मी बसून राहिलो, कारण मला भांडायचं होतं. बोरीजवळच्या आमच्या वस्तीला एकच हापसा. तो बिघडला की सायकलवर जिंतूरला जाऊन मिस्त्रीला मीच सांगायचो. मिस्त्री आठ दिवसांनी उगवायचा, तोवर बायका मैलभर पाणी वाहायच्या. पण मान माझा होता. ताईनं हापसा दुरुस्ती शिकायला चार बायका निवडल्या, त्यात माझी सून सुमन!

"माझी सून पाने फिरवणार? अन् मी काय बांगड्या भरू?"

"भरा की आबा, मनगट चांगलं हाय तुमचं."

सगळी वस्ती हसली. दोन महिने मी ताईशी बोललो नाही. बायकांनी काहीही विचारलं की तिचं एकच, "मी गेल्यावर कुणाला इचारताल?" अन् हात मागं.

तीन वर्षं सरली. निरोपाचा नारळ आणला, अन् त्याच सकाळी हापसा बंद पडला! चौघींनी पाईप वर ओढायला घेतले. निम्मे आले अन् पाईप धरणारा शिकंजा सटकला. सगळी लाईन हातभर खाली घसरली. चौघींनी कशीबशी दाबून धरली. सुटली असती तर पाईप बोअरमध्ये, अन् बोअर कायमचा गेला. सुमननं ताईकडं बघितलं. ताई हलली नाही.

मी मागून ओरडलो, "ताई, उभ्या काय ऱ्हायल्या? धरा की!"

"मी उद्या न्हाई, आबा."

मी तिच्या पाठीमागंच होतो म्हणून मला दिसलं. तिनं स्वतःच्या मनगटात नखं रोवली होती.

मग मी पुढं झालो. उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण विचारलं, "सुमन, कुठं धरू?"

"हितं धरा, आबा. सोडू नका. अन् जरा गप बसा!"

बसलो गप! माझ्या दंडाची शीर न् शीर फुगली, पण पाईप सोडला नाही. शिकंजा पुन्हा बसला, उरलेले पाईप वर आले, झिजल्या वायसरच्या जागी नवा पडला, पाईप खाली गेले. सुमननं दांडा मारला. आधी नुसती हवा, मग गुळगुळ आवाज, अन् मग ही जाड धार! पोरं नाचली, बायका ओरडल्या, मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू.

तेव्हा ताईचे हात पुढं आले. तिनं ओंजळ धरली अन् घटाघटा पाणी प्याली. मनगटावर नखांचे वळ लालभडक दिसत होते.

आता आजूबाजूच्या गावांचे फोन सुमनला येतात. पान्यांची पिशवी मी उचलतो. तिथं ती नव्या बायकांना शिकवते, अन् मी हात मागं बांधून उभा राहतो. हापशाचा पाईप धरला तेव्हा एवढं जड गेलं नव्हतं.