चिंचेनं घासलेल्या बंदुका

दादा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. आमच्या लालबागच्या चाळीत तोरणं लागली होती, गॅलरीतून पणत्या मांडल्या होत्या, आणि मी दारोदार तोंड गोड करत फिरत होते. जिन्यात गिरगावचा माणूस भेटला, दादाच्या चाळीच्या चिटणीसांनी पाठवलेला. त्याने आधी पेढा घेतला, खाल्ला, हात धोतराला पुसला आणि मग सांगितलं की दिनकरराव गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले, मांडीवर बंदूक होती, पण घाबरू नका, गोळीबिळी काही नाही, हृदयच... गोळी नाही हे मलाही ठाऊक होतं. त्या बंदुका शंभर वर्षांच्या, तोंडं बुजवलेल्या. त्यांनी माणूस मरत नाही. माझा भाऊ मेला तो माणसांनी, हे मी रागाने म्हणते आहे आणि राग ओसरला तरी म्हणेन.

दादाच्या चाळीत परवा शोकसभा झाली. चिटणीस बोलायला उभे राहिले. दिनकरराव म्हणजे इतिहासाचे उपासक, त्यांच्या बंदुका आम्ही चाळकऱ्यांनी पोटच्या पोरासारख्या जपल्या, स्वतःच्या हातांनी लखलखीत केल्या, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि पदराचं टोक दातांत धरून ठेवलं होतं. त्या भाषणाला उत्तर म्हणून हे लिहिते आहे. चाळीचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

दादाचं गिरगावात चष्म्याचं दुकान होतं. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, खोलीत जागा कुठे आहे? खरंच नव्हती. भिंतीला लागून सहा बंदुका उभ्या असायच्या, त्याच्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि तो त्यांच्या पायथ्याशी चटईवर झोपायचा. शुक्रवारी दुकान बंद ठेवून चोरबाजारात जायचा आणि पलंगाच्या मोडक्या दांड्यांतून, जुन्या झुंबरांच्या ढिगातून एखादी गंजकी नळी उपसून आणायचा. जहाजांवरून उतरलेल्या, कुठल्या कुठल्या फौजांनी टाकून दिलेल्या विलायती बंदुका. एक इंग्लंडची, दोन बेल्जियमच्या, एक ऑस्ट्रियाची, दोन कुठल्या ते त्यालाही नक्की ठरवता आलं नव्हतं आणि ते ठरवण्यात त्याची संध्याकाळ सुखात जायची. पोलिसांची परवानगी रीतसर होती. मी एकदा चिडून म्हटलं, यात बघण्यासारखं काय आहे? तेव्हा त्याने माझ्या मुलाच्या दिवाळीतल्या टिकल्या मागितल्या. टिकलीवर हातोडा बसला की फट्‌ होतं ना, तसंच हे, म्हणाला. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिच्यावर घोडा पडला की ठिणगी आत जाते. त्याआधी गारगोटीच्या बंदुका होत्या, त्या पावसात हटून बसायच्या. ही टोपी आली आणि लढायांना पावसाळ्याची सुट्टी उरली नाही. आणि नळीच्या आत पिळाच्या खाचा, त्यामुळे गोळी गरगरत लांब आणि नेमकी जाते. हे सगळं तो एखाद्या गाण्यातली जागा समजावून द्यावी तसं सांगायचा. मला कौतुक वाटायचं, आणि हा माणूस असाच एकटा म्हातारा होणार याची काळजीही.

पण त्याचा जीव होता तो खुणांवर. नळीवर, घोड्याशेजारच्या पट्टीवर बारीक ठसे मारलेले असतात. इंग्रजांचा मुकुट, ऑस्ट्रियाचा दोन तोंडांचा गरुड, कुणा कारागिराची दोन अक्षरं. चष्म्याच्या धंद्यातलं भिंग डोळ्याला लावून तो तासन्‌तास त्या वाचत बसायचा. खूण पुसली की बंदूक म्हणजे नुसती नळी, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो त्यांना पाणी लावू द्यायचा नाही, जुन्या लोखंडावर धरलेली काळी साय काढू द्यायचा नाही, नुसतं तेलाचं फडकं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते, त्या दिवशीसुद्धा हळदकुंकू बंदुकीला न लावता पुढच्या पाटाला लावायचा. चाळीतल्या बायका हसायच्या. एका वस्तुसंग्रहालयातले गृहस्थ येऊन बंदुका बघून गेले होते. दसरा होऊ दे, मग आमच्याकडे आणू, काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमचं नाव लिहू, असं कबूल करून गेले होते. दादाने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. त्या वर्षी मला तीनदा म्हणाला, "कुसुम, मुंबई आपली होईल तेव्हा आपल्या पोरांना बघायला हे असेल."

मग मुंबईसाठीचं आंदोलन पेटलं आणि गिरगावात पोलिसांचा गोळीबार झाला. दादाच्या शेजारच्या खोलीतला सुधाकर, सरस्वतीकाकींचा एकुलता एक, गॅलरीत आरडाओरडा कसला म्हणून बघायला गेला आणि तिथेच पडला. काकी मूळच्या मालवणकडच्या, नवरा आधीच गेलेला. त्या दिवसापासून चाळीला दादाच्या बंदुका डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. साहजिक होतं, मी दोष देत नाही. पण चिटणीसांनी बैठक घेऊन ठरावच केला. झडती झाली तर सगळी चाळ अडकेल, त्या बंदुका शिवडीच्या खाडीत टाका. दादाने बंदुका टाकल्या नाहीत, पण काकींच्या दारावरून जाताना तो मान खाली घालायला लागला. काही महिन्यांनी सत्याग्रहात जाऊन त्याने अटक करून घेतली. चष्मेवाला दिनकर तुरुंगात गेल्याबरोबर चाळीचा वारा फिरला. कालचा नतद्रष्ट आज देशभक्त. खोलीची किल्ली जाताना त्याने काकींकडे दिली होती. का दिली, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तो सुटून येणार होता खंडेनवमीला. चिटणीसांनी सत्काराचा घाट घातला. काकींनी किल्ली काढली. ज्या बाईचा मुलगा बंदुकीने गेला ती स्वतःहून म्हणाली, त्याच्या बंदुका मी उजळून ठेवते, तो आमच्यासाठी आत गेला आहे. आणि तिने सणाला तांब्यापितळेची भांडी घासतात तशा चिंच आणि राख लावून त्या सहाही बंदुका घासल्या. नळावर नेऊन धुतल्या. रात्री उभ्या करून ठेवल्या. लोखंडच ते... सकाळी सगळ्या लालभडक गंजल्या होत्या. काकी रडायला लागल्या. तेव्हा चिटणीसांनी पुढाकार घेतला. गणपतीच्या देखाव्यातले उरलेले पॉलिश कागद आणले, पोरांना बसवून नळ्या, पट्ट्या, सगळं खरवडून गुळगुळीत केलं आणि वरून देखाव्यातलाच चंदेरी रंग मारला. लाकडाला वॉर्निश. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण त्यांना तो गणपतीच दिसत होता.

मी सत्काराला गेले होते. बँड, हार, गुलाल. दादा जेलमधून वाळून आला होता, हसत होता. सगळ्यांनी त्याला खोलीत नेलं. सहा चंदेरी बंदुका झेंडूच्या माळा घालून उभ्या, तमाशातल्या भालदारांसारख्या. चिटणीसांनी टाळी वाजवली. दादा जवळ गेला. त्याने एका नळीवरून अंगठा फिरवला, जिथे मुकुट असायचा तिथे. परत फिरवला. मी त्याचा चेहरा बघत होते, आणि तो काकींचा बघत होता. काकींच्या बोटांना चिंचेने भेगा पडल्या होत्या. "छान झालंय," तो म्हणाला. एवढंच. मग सगळ्यांना पेढे वाटले.

संग्रहालयाचे गृहस्थ आले, भिंग लावून बघितलं, खाली ठेवलं, चहा प्यायले आणि सभ्यपणे गेले. दुसऱ्या वर्षी चिटणीसांनी गणपतीच्या देखाव्यासाठी बंदुका मागितल्या आणि दादाने दिल्या. मी लालबागहून तडक गेले आणि त्याच्यावर ओरडले, अरे सांग ना यांना काय केलं ते, एकदा तरी तोंड उघड. तो म्हणाला, "कुणाला सांगू? चिटणीसाला सांगितलं तर काकींना कळेल." मी म्हटलं, कळू दे. तो म्हणाला, "तिचा मुलगा गेला तेव्हा माझ्या खोलीत सहा बंदुका होत्या, कुसुम. तिने त्या हातात घेतल्या. मी तिला खुणा शिकवू?" मला त्याचा संताप आला. आजही येतो. चांगुलपणाने माणूस आतून पोखरतो आणि बाहेरचे त्याला शांत स्वभाव म्हणतात.

पुढची वर्षं तो दुकान लवकर बंद करून खुर्चीत बसायचा. टर्पेंटाइनचं फडकं, डोळ्याला भिंग, मांडीवर इंग्रजी बंदूक. चंदेरी रंग कणाकणाने काढायचा, नखाएवढा एका दिवशी. आंदोलन वाढत गेलं, मोर्चे निघाले, खिडकीखालून घोषणा गेल्या, आणि हा रंग काढत बसला. एकदा मला हात धरून दाखवलं. काळ्या लोखंडावर अर्धा मुकुट दिसत होता, पॉलिश कागदातून कसाबसा वाचलेला. तो लहान मुलासारखा खूश होता. बाकीचा अर्धा रंगाखाली असेल, म्हणाला. नव्हता. माझ्या साध्या डोळ्यांनाही कळत होतं की तिथलं लोखंड खरवडून सपाट झालंय. त्याचे तर डोळे त्या कामात मुरलेले. त्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही.

शोकसभा संपल्यावर मी खोली आवरायला वर गेले. चिटणीस मागोमाग आले, हातात चंदेरी रंगाचा डबा. एक बंदूक अर्धवट उघडी पडली आहे, म्हणाले, हात फिरवून घेतो, फोटोत बरी दिसेल. मी त्यांना जा म्हटलं. कसं म्हटलं ते छापण्याजोगं नाही. ते गेले, पण दारात काकी उभ्या होत्या. त्या आत आल्या, खुर्चीवरची बंदूक बघितली, फडकं बघितलं, टर्पेंटाइनची बाटली हुंगली.

"ह्यो रंग तो काढत होतो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी बाटली खाली ठेवली. मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "चिंच लावची नाय होती?"

दादा असता तर खोटं बोलला असता. मी दादा नाही. "लोखंडाला चालत नाही, काकी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. बंदूक उचलून मांडीवर घेतली, दादाच्या खुर्चीत बसल्या, फडकं ओलं केलं आणि जिथे त्याचं काम थांबलं होतं तिथून पुढे घासायला लागल्या. चिंचेने घासतात तसं नव्हे, हळू, एका बोटाने.

"खाली काय दिसाक व्हया?"

"मुकुट," मी म्हटलं. "अर्धा आहे. उरलेला अर्धा..."

"दिसात," त्या म्हणाल्या. दिसेल.

मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. चंदेरी रंग फडक्यावर येत होता आणि त्याखाली कोरं लोखंड निघत होतं. घरमालकाला खोली रिकामी हवी आहे, रोज निरोप येतो. मी अजून काही कळवलेलं नाही. किल्ली पुन्हा काकींकडे आहे.