उभी गल्ली

मिरजेतली तंबोरे करणाऱ्यांची जुनी गल्ली पाडून तिथं चार मजली इमारत झाली. तिथं दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. लिफ्टमध्ये एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याचा वाळका भोपळा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून उभे होते. माणसं शिरली तशी त्यांनी पाठ पुढे केली. धक्के स्वतः खाल्ले, भोपळ्याला लागू दिले नाहीत.

"गल्ली गेली की तुमची," मी हळहळलो.

त्यांनी भोपळ्यावर बोट वाजवून कान लावला.

"गेली कुठं? आडवी हुती, उभी केली. चला वर, दावतो."

चौथ्या मजल्यावर दार उघडलं. खोल्याखोल्यांतून तारा जुळवणं चाललं होतं.

"शेजारीबी त्येच हायती," म्हणत ते ताठ मानेनं पुढं निघाले.

खाली डॉक्टर तासभर माझी वाट बघत बसले.