आवडाबाई चहा का घेत नाही

नऊ वर्षं आमच्याकडे काम करणारी आवडाबाई चहा घेत नाही, हे मी किती जणींना कौतुकाने सांगितलं असेल! "पाणीसुद्धा मागत नाही हो. फार अलिप्त बाई आहे." सकाळी सातला आंबिवलीहून निघते, डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमधली पाच घरं उरकते, तीनला परतते. नवरा गेल्यावर दोन मुलींची लग्नं तिने या पाच घरांच्या भांड्यांवर केली. कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं तिला ठाऊक. एका मजल्यावरचं दुसऱ्या मजल्यावर मात्र कधी जात नाही.

मार्चमध्ये तिला मूतखड्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, रोज तीन लिटर पाणी प्या, नाहीतर काम सोडा. तेव्हा तिने वॉचमनच्या खोलीशेजारच्या, कायम कुलूप असलेल्या संडासाची चावी मागितली. सेक्रेटरी बाबुराव म्हणाले, "मीटिंगमध्ये विषय घेऊ." तीन मीटिंगा झाल्या. पार्किंगच्या पट्ट्यांचा रंग तेवढा ठरला.

हे मला माहीत होतं आणि चहाचंही माहीत होतं. दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं, इतकंच.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये विनिताताईंचं चित्रास्वाद मंडळ भरतं. यंदा त्यांनी एका मोलकरणीच्या आयुष्यावरचा कृष्णधवल परदेशी सिनेमा आणला. "आवडाबाईला पहिल्या रांगेत बसवायचं हं. तिचाच विषय आहे!" त्याप्रमाणे आवडाबाईने आधी चाळीस खुर्च्या पुसल्या आणि मग त्यातल्या एकीच्या कडेला टेकली.

सिनेमात संवाद बेताचेच. ती बाई फरशी पुसते, कपडे वाळत घालते. मालकीण तीनदा तिला चहा देते. तिन्ही वेळा ती पाठ वळल्यावर कप मोरीत ओतते.

दिवे लागले आणि चर्चेला ऊत आला.

"तो मूक नकार आहे," विनिताताई म्हणाल्या. "मालकांची दया ती नाकारते."

"पांढरा कप, काळा चहा. अख्खा समाज आला त्यात," अर्धा सिनेमा घोरलेले बाबुराव म्हणाले.

मीही मागे राहिले नाही. "मला त्यात अलिप्तता दिसली," म्हटलं.

आवडाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय गं? बोल ना, लाजू नकोस," विनिताताई म्हणाल्या.

"काय बोलू ताई? सकाळपास्नं त्या घरात हाय ती. एकदा तरी बाथरूमला गेलेली दाखवली का? चहा पिऊन जायचं कुठं तिनं?"



"म्हणजे दिग्दर्शकाची चूक झाली," बाबुराव म्हणाले.

"चूक नाय साहेब. बरोब्बर दाखवलंय."

विनिताताईंनी वही काढली. "किती वेगळा अन्वयार्थ! लिहूनच घेते."

"बाबुराव, मीटिंगला बसणारे सगळे इथेच आहेत," मी म्हटलं. "देऊन टाका ना चावी."

"असं कसं वहिनी? अजेंडा लागतो, कोरम लागतो."

मी पुढे बरंच सुनावणार होते. तेवढ्यात आठवलं की माझ्या घरात दोन संडास आहेत आणि त्यांना कोरम लागत नाही.

सोमवारी ती आली तेव्हा तिला आतला दरवाजा दाखवला. "आजपासून इथे जात जा. आणि पाण्याची बाटली ओट्यावर ठेव, माझ्यासमोर संपवायची."

"सायबांना चालंल?"

"त्यांना विचारलेलं नाही."

मंडळाच्या अहवालात 'अत्यंत उद्बोधक चर्चा' अशी नोंद झाली आहे. चावीचा विषय चौथ्या मीटिंगच्या पत्रिकेवर शेवटून दुसरा आहे.

मी चहा टाकला. आवडाबाई खाली बसून, घाई न करता, तो तळापर्यंत प्यायली. नऊ वर्षांनी मी विचारलं, "कसा झालाय?"

"वास रोज घेते ना वहिनी, तवाच कळायचं," ती कप विसळत म्हणाली. "तुमचं आलं कमी पडतं."