शेवटच्या कडव्याशिवायचं गाणं

डिसेंबर आला की वर्षभरात निघालेल्या गाण्यांतली आवडलेली कोणती आणि निराश करणारी कोणती, याची यादी मी कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. वसतिगृहात एकच इअरफोन दोघांत वाटून घेत आम्ही ऐकायला शिकलो, तेव्हापासूनची ही सवय. यंदा हदगावकडच्या एका मुलीनं नुसत्या पेटीवर म्हटलेली गाणी मनात राहिली. ज्याची वर्षभर वाट पाहिली त्या गझलांच्या अल्बमनं मात्र निराश केलं. व्हायोलिनं इतकी, की शब्द शोधावे लागले. पहिला नंबर मी लातूरच्या एका तरुण गायकाच्या जयंतीच्या गाण्याला दिला होता.

ते मूळचं आमच्या बिलोलीचं. माझे बाबा ज्या गायन पार्टीत कोरस धरायचे, तिच्यातल्या गवंडीकाम करणाऱ्या काकांनी रचलेलं. मी शिकायला लवकर बाहेर पडलो, त्यामुळे पहिल्या दोन ओळींपलीकडे मला ते येत नव्हतं. सुट्टीत नांदेडहून घरी गेलो तेव्हा मोठ्या हौसेनं बाबांना ऐकवलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पुढचं कुठं हाय?"

पुढं काहीच नव्हतं. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. वही हरवली, पार्टी मोडली, तरी गाणं कुणाचं हे त्या ओळीवरून कळतं. इथं ते कडवंच गायब होतं आणि गाण्याखाली 'पारंपरिक' असं लिहिलं होतं. काका तर दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

गाणं लांबतं म्हणून कापलं असेल, असं मला वाटलं. नंबर मिळवून गायकाला फोन केला, जरा रागातच. तो म्हणाला, मामाच्या जुन्या कॅसेटमध्ये तेवढंच आहे. त्यानं ते रेकॉर्डिंग पाठवलंही. बाबा आणि मी ऐकत बसलो. तिसरं कडवं संपता संपता खट्ट असा आवाज झाला. कॅसेटची बाजू संपली होती.

बाबांनी रेकॉर्डिंग मागं घेऊन तो खट्ट आवाज पुन्हा एकदा ऐकला. मग म्हणाले, "ते टेप म्याच केलतं."

कार्यक्रम उदगीरला होता. टेपरेकॉर्डर त्यांच्या पायाशी होता, पण कोरसाच्या नादात बाजू बदलायचं राहून गेलं. पुढं त्याच कॅसेटच्या नकला पाहुण्या-नातेवाइकांत फिरल्या.

त्याच दुपारी आम्ही काकांकडे गेलो. बाबांनी सगळं सांगितलं. काकांनी मोबाइल कानाशी धरून गाणं ऐकलं, पोराच्या आवाजाचं कौतुक केलं आणि बाबांकडे वळले.

"तू कोरसात बी असाच उशिरा यायचास."

बाबा हसले नाहीत. कडवं आठवतं का, एवढंच त्यांनी विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली. मी गायकाला फोन लावला. तो गाणं पुन्हा रेकॉर्ड करायला तयार होता आणि कवीचं नावही टाकणार होता.

"काका, सावकाश सांगा," तो म्हणाला, "लिहून घ्यायलोय."

काका एकेक ओळ सांगत गेले. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव आलं तसे ते थांबले. दोनदा सुरुवात करूनही पुढं जाईनात.

ते नाव बाबांनी सांगितलं.