हात न लावलेलं लुगडं

चैत्रातली सकाळ. तव्यावर घावन टाकला होता, धाकटी दुधासाठी कुरकुरत होती आणि मागल्या पडवीतून ह्यांची दाढीच्या पाण्याची तिसरी हाक झाली होती. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. इतक्या लवकर पक्षकारसुद्धा येत नाहीत. पदराला हात पुसत गेले, तर पायरीशी बायजा उभी.

बायजा आमची मीठवाली. आठ वर्षं ती मागच्या दारी येते, टोपली उतरवते, मीठ मापते, विहिरीवर पाय धुते आणि जाते. पुढच्या दारी तिला मी प्रथमच पाहत होते. डोक्यावर टोपली नव्हती. लुगडं धुतलेलं, गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं, केस पाण्यानं चोपून बसवलेले.

"आज मीठ न्हाय आनलं, बाय," ती म्हणाली. "मना तुमच्या ओटीवर बसू द्या. समोरच्या दुकानात लोक येऊन जातील, तवर."

आमचं घर अलिबागच्या पेठेत आणि बरोबर समोर कापडाचं दुकान. मी म्हटलं, "बस की. पण आहे काय आज?"

"रंगूचा बस्ता हाय."

रंगू तिची एकुलती एक लेक. वैशाखात लग्न ठरलं होतं, हे मला माहीत होतं. त्या लग्नाचे कपडे घ्यायला आज तिचा दीर धर्माजी आणि मुलाची आई नीराबाई पेठेत यायची होती. त्यांच्यात रीत अशी की नवरीचं लुगडं मुलीकडच्यांनी घ्यायचं आणि पसंत करायचं मुलाच्या आईनं. पैसे बायजानं दिराच्या हाती कधीच दिले होते. तिनं मात्र घरी बसायचं. विधवेनं बस्त्याला जाऊ नये, नवरीच्या वस्त्राला तर हातच लावू नये. लागलाच, तर ते वस्त्र नवरीला चालत नाही.

"मग तू इथून चोरून बघणार?"

"चोरून कशाला? ओटीवर बसून बघीन. ओटीवर बसू नको, असं मना कोनी सांगितलं न्हाय."

आणि ती बसली. अडीच कोस चालून आलेली बाई, पण भिंतीला टेकली नाही. मी घावन आणि चहा आणून ठेवला. चहा घेतला, घावन पदरात बांधला.

तिचा नवरा चांगदेव तापानं गेला तेव्हा रंगू दीड वर्षाची होती. दिरानं सांगितलं, आमच्यात राहा, दोन वेळा जेव. ती राहिली, पण जेवली आपल्या कमाईचं. रेवसच्या वाटेवर खाडीलगत मिठागरं आहेत, तिथं कामाला लागली. पाऊस सरला की वाफ्यांची जमीन पायांनी तुडवायची, ती पाटीसारखी गुळगुळीत होईपर्यंत. मग भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीनं ओढून काढायचं. पंधरा वर्षं तेच. तिच्या टाचा पाहिल्या की मला माझ्या पायांतल्या वहाणांची लाज वाटते. मीठ चांगलं की वाईट, हे ती जिभेवर ठेवून बघत नाही. अंगठा आणि बोट यांत चोळते आणि सांगते.

"एवढा जीव लुगड्यात का गं?" मी विचारलं. "मुलगा चांगला आहे ना?"

"मुलगा गुनाचा हाय. पन माझ्या लग्नात मी चुलतजावेचं लुगरं नेसले होते, मागून आनलेलं. तिसऱ्या दिशी दारात आली न् म्हनाली, दे. हळद पन वाळली नव्हती." ती समोरच्या बंद फळ्यांकडे बघत राहिली. "रंगूचं लुगरं रंगूच्या लेकीच्या बारशाला नेसता आलं पायजे. दिराला कापडातलं काय कळतं? त्याला बैलातलं कळतं."

फळ्या निघाल्या. गुजराती शेटनं गादी झटकली, उदबत्ती लावली. थोड्याच वेळात धर्माजी आणि नीराबाई आली. नीराबाई ठसठशीत बाई, कपाळावर आडवं कुंकू, आवाज पेठेच्या दोन्ही टोकांना ऐकू जाणारा. शेटनं एक हिरवं लुगडं फेकलं ते सरसर उलगडत गेलं. काठ झगझगीत.

"हेच!" नीराबाई म्हणाली. "मांडवात लांबून दिसलं पायजे, नवरी कोनची ते."

बायजा शेजारून कधी उठली, मला कळलंच नाही. मी पाहिलं तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर होती आणि त्या लुगड्याचा पदर तिच्या अंगठ्याखाली होता. सवयीनं चोळला तिनं, मीठ चोळते तसा. पांढरी भुकटी गादीवर सांडली.

"खळ हाय ही नुसती," ती म्हणाली. "खाली जाळी हाय."

"वयनी!" धर्माजी ओरडला. "तू इथं कशी? आनि हात लावलास?"

बायजानं अंगठा विंचू चावल्यासारखा मागं घेतला. खरंच तिच्या ध्यानात नव्हतं. नीराबाईनं लुगडं आपल्यापासून दूर सारलं. "झालं. हे आता बाद. दुसरं काढा शेट."

बायजा एक पायरी उतरली. मला वाटलं, आता ही रडणार. मीही तोवर रस्ता ओलांडून गेले होते, तिला घरी न्यावं म्हणून. पण ती जागची हलली नाही. बाद झालेल्या त्या लुगड्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं.

शेटनं दुसरं काढलं, जांभळं. काठ त्याहून झगझगीत. नीराबाईनं मान डोलावली. बायजा सरळ वर चढली आणि जांभळ्यावर पंजा ठेवला.

"वयनी!"

"चुकून लागला."

तिसरं आलं. त्याला तिनं जाता जाता कोपर लावलं.

"अगो, ही बाई दुकान बाद करील!" नीराबाई म्हणाली, पण आवाजात राग होता की हसू, ते मला सांगता येईना. शेट रडकुंडीला आला. "बेन, आ माल मला विकायचा हाय ने! तुम्ही हात लावला तर घेणार कोण?"

"ज्याचं लगीन न्हाय त्याला विका," बायजा शांतपणे म्हणाली. "मी कोनाला सांगनार न्हाय. पन तो वरच्या फळीवरचा गठ्ठा सोडा. तो तुम्ही मघापासून सोडत न्हाय."

धर्माजीनं माझ्याकडे पाहिलं. "वकिलीणबाय, तुम्ही तरी समजवा हिला."

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं आणि गादीच्या कडेला बसले.

गठ्ठा सुटला. त्यात एक लाल काठाचं लुगडं निघालं, रंगानं साधं, हळदीसारखं पिवळं. शेटनं ते पसरलं तेव्हा सरसर आवाज झाला नाही, जड पडलं. बायजानं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"उन्हात धरा शेट."

शेटनं दारात धरलं. ऊन पलीकडून आलं नाही.

"आता बाय, तुम्ही सवाष्ण. तुम्ही चोळा. जोरानं. असं न्हाय, मीठ चोळल्यावानी."

मी चोळलं. भुकटी पडली नाही, बोटं मात्र दुखली. मी तसं सांगितलं.

नीराबाईनं स्वतः पदर हातात घेतला, काठ उलटा करून पाहिला, चिमटीत धरून ओढून बघितला. झगझगीत गोष्टी आवडणाऱ्या बाईलाही कापड कळत नाही असं नाही. मग तिनं बायजाच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं.

"आनि मी हे पसंत केलं न्हाय, तर?"

"तर फळीवर अजून दहा हायेत," बायजा म्हणाली. "माझं हात दोन हायेत, विहीणबाय. दिवस मोठा हाय."

नीराबाई हसली. पेठेच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. "बांधा शेट हेच. ह्या बाईची लेक घरात आनायची म्हंजे मना आतापासनं जपून राहाया पायजे."

धर्माजीनं कपाळाचा घाम पुसला आणि नवऱ्याच्या पागोट्याचं कापड बघायला वळला. शेटनं पिवळं लुगडं कागदात घालून सुतळी बांधली. पुडकं नीराबाईनं मांडीवर घेतलं. बायजाचे हात अजून पाठीमागंच होते. ते सोडायचं तिला सुचलं नव्हतं, की धीर होत नव्हता, मला कळलं नाही. पुडक्याच्या कडेतून लाल काठ बोटभर बाहेर दिसत होता. ती त्याच्याकडे बघत होती.

"आता काय राहिलं, बायजा?" नीराबाईनं विचारलं. पहिल्यांदाच तिनं तिला नावानं हाक मारली. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"झालं."

"मग?"

"लगीन होऊ द्या," बायजा म्हणाली, "हळद उतरू द्या. मग एकदा हे लुगरं धुवाया माझ्याकडं धाडा."